ऐंशी नंबरचं दार

मासळी-लिलावाच्या हॉलमागे, जिन्याखालच्या खोलीत
गावाचं एकच यंत्र आहे.
दुसरं घ्यायला क्लाक्सविकला पैसे नाहीत असं नाही,
पण चालतंय ना, म्हणतो एलियास,
आणि विषय कॉडच्या भावावर नेतो.

आज त्याच यंत्रावर शाळेचा नवा सर्व्हर बसवायचा होता.
हेर्बोर्गबाईंचा दोनदा फोन येऊन गेला.
मी आज्ञा दिली. उत्तर आलं:
पत्ता आधीच वापरात आहे. चूक क्रमांक अठ्ठ्याण्णव.

एका म्यानात दोन तलवारी, एवढंच.
पासष्ट हजारांवर दारं आहेत या यंत्राला,
पण जग येतं ते ऐंशीवरच,
सवयीनं, नंबर न विचारता,
आणि तिथे कुणीतरी आधीच मांडी ठोकून बसलेलं.

कोण? विचारलं.
यंत्र अशा बाबतीत आडपडदा ठेवत नाही:
प्रक्रिया ७१२. मालक याकुप.

याकुप.
ही खुर्ची त्याची. डावीकडे अजून खचलेली.
या फेब्रुवारीत तीन वर्षं झाली.

रोज सकाळी तो खिडकीशी उभा राहून
खाडीपलीकडचा कुनोयचा डोंगर बघायचा
आणि एक ओळ टाकायचा आपल्या पानावर.
दिसतो.
अर्धा.
खांद्यापर्यंत.
शेवटची ओळ:
नाही. मेंढ्या मात्र ऐकू येतात.
त्यानंतर पान तसंच,
एक हजार चारशे सहा दिवस अखंड चालू असलेल्या यंत्रावर,
कुणी उठ म्हटलं नाही म्हणून बसून राहिलेलं.

'मारा' असाच शब्द आहे त्या आज्ञेला.
आम्ही दिवसातून दहादा वापरतो, चहा पिता पिता.
टाइप केला. ७१२ लिहिलं.
एंटरवर बोट ठेवण्याआधी
उगाच, खरंच उगाच, नोंदवही उघडली.

सहा वाजून दहा मिनिटं. एक पाहुणा.
आदल्या दिवशी सहा वाजून अकरा. तोच पत्ता.
नाताळात सुद्धा. वादळात दोन दिवस वीज नव्हती ते सोडून
रोज.
गावातलीच लाईन. कुणाची, ते विचारायला नको.
बिल्लाचं घर वर, चर्चच्या मागे,
तिच्या स्वयंपाकघरातून कुनोय अख्खा दिसतो.

मग लिहिलेलं खोडलं,
आणि कॉफी टाकली.

याकुपला आत हलवलं, ८०८१ वर,
जिथे बाहेरचा वारा लागत नाही.
शाळेला ८०८२. वल्हेकऱ्यांच्या क्लबला पुढचं,
ते मागतीलच उन्हाळ्यात.
आणि ऐंशीवर बसवला एक दारवान,
ज्याच्याकडे स्वतःचं दाखवायला काहीच नाही;
तो फक्त विचारतो, कुणाकडे आलात?
आणि नाव ऐकून आत पोचवतो.

सोपं आहे. पुस्तकात अर्ध्या पानाचं काम.
पण दार बदलायचं तर याकुपला एकदा थांबवावं लागणार होतं,
आणि इतकं जुनं काही थांबलं
की पुन्हा उठेलच असं नाही.
मी खिडकीची कडी नीट लावली. तिचा काय संबंध, पण लावली.
थांबवलं.
पंखा फिरत होता.
चार सेकंद.
उठला. नवा क्रमांक घेऊन, त्याच ओळीवर:
नाही. मेंढ्या मात्र ऐकू येतात.

सकाळी शाळेच्या पानावर माशाचे कबाब आणि बटाटे आले.
हेर्बोर्गबाई म्हणाल्या, एवढ्यासाठी रात्र लागली?
हो म्हटलं.

सहा वाजून दहाला बिल्ला येऊन गेली होती.
तिला काही कळलं नसणार.
फक्त याकुपच्या नोंदवहीत तिचा पत्ता बदललाय:
दारवान आतूनच हाक मारतो ना,
म्हणून प्रत्येक पाहुणा आता १२७.०.०.१ वरून आलेला दिसतो,
म्हणजे इथूनच. याच घरातून.

एक ओळ असते.
ती दारवानाच्या फाइलीत घातली
की खरा पत्ता पुढे जातो.
मला ती पाठ आहे.
घातली नाही.